कौलावरचे साल आणि घराचे वय



मराठीत कौल दोन. एक वचनाचा: जुने कौलनामे, देवाला लावायचा कौल, निवडणुकीत जनतेने दिलेला कौल. हा शब्द अरबीतून आला. दुसरा कौल छपरावरचा, मातीचा. या दोघांचे नाते नाही, पण आमच्या घराचे छप्पर उतरवले तेव्हा छपरावरच्या कौलाने पहिल्या अर्थाचा कौलही देऊन टाकला, आणि तो घरातल्या काहींना पचायला थोडा जड गेला.

आमचे घर मालेगावच्या जुन्या गावात, मोसम नदीपासून फार लांब नाही. किल्ल्याच्या भोवती हे गाव वाढले. किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास बांधायला घेतला. १८१८ च्या मे-जून महिन्यात इंग्रजांनी त्याला वेढा घातला, आतल्या अरब शिबंदीने महिनाभर दाद दिली नाही आणि अखेर किल्ला पडला. नंतर इथे इंग्रजांची छावणी आली. तिची आठवण ‘कॅम्प’ या नावात राहिली आहे. उत्तरेकडून विणकर आले, हातमाग आले, पुढे यंत्रमाग आले. या सगळ्यात मारवाडातून आलेली आमच्यासारखी काही जैन घरे सूत, कापड, धान्य आणि सावकारी अशा व्यवहारांवर टिकली.

लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते, ‘आपले घर १८६५ चे.’ मोठे जेठजी आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पाहुणा आला की पाणी होण्याआधी त्याला हे साल सांगितले जाते. पुरावा विचारलाच कुणी, तर माळ्यावर नेऊन बॅटरीच्या उजेडात एका कौलाची खालची बाजू दाखवायची. तिथे उठावाच्या इंग्रजी अक्षरांत ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ आणि खाली १८६५ असे आहेच. यंदा घर दुरुस्तीला काढले, वरच्या मजल्यावर मुलासाठी दोन खोल्या आणि स्लॅब टाकायचे ठरले, तेव्हा मुलाने फाटकावर लावायच्या पाटीचा मजकूरसुद्धा तयार केला होता. घराचे नाव आणि खाली ‘स्थापना १८६५’.

माझे शिक्षण बी.कॉम.चे. आकडा दिसला की तो कशाचा आहे हे विचारायची सवय तिथेच लागली. मिठाईच्या खोक्यावर ‘स्थापना १९५२’ छापलेले असते म्हणून आपण आतला पेढा १९५२ चा समजत नाही. कौलावरचे साल कारखान्याचे असू शकते, घराचे असेलच असे नाही. हे मी घरात बोलले तेव्हा ‘तुला काय माहीत’ असे कुणी म्हणाले नाही, पण चेहऱ्यावर होते. मग मी वाचायला बसले. जे हाती आले ते इतके छान आहे की तुम्हालाही सांगते.

हे कौल मुळात भारतातले नाही. एकमेकांत खाचेने अडकणारे चपटे कौल फ्रान्समधल्या अल्सास भागातल्या आल्टकिर्श गावच्या जिलार्दोनी बंधूंनी काढले आणि १८४१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मंगळूरला ते आणले बासेल मिशनने. ही स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातली ख्रिस्ती संस्था, १८१५ मध्ये सुरू झालेली. तिचे लोक १८३४ मध्ये मंगळूरला आले. धर्मांतर केलेल्या माणसाला जातभाई कामावर ठेवत नसत, घरात घेत नसत. मग त्यांच्या पोटापाण्यासाठी मिशनने विणकाम, छापखाना आणि शेवटी कौले असे धंदे उभे केले. (खाकी रंगाच्या कापडाचे श्रेयही याच मिशनच्या मंगळूरच्या विणकामशाळेला दिले जाते. कापडाच्या गावात राहणाऱ्या मला हे वाचून गंमत वाटली.) मिशनमध्ये गेओर्ग प्लेब्स्ट नावाचा यंत्रांची जाण असलेला माणूस होता. तो आला छापखान्यासाठी, पण नेत्रावती नदीच्या काठची चिकण माती पाहून त्याला कौले सुचली. १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात कारखाना सुरू झाला. हेच ते आमच्या कौलावरचे साल.

आता हिशेब करा. थळ घाट ओलांडून मुंबईची रेल्वे इगतपुरीला पोचली तीच मुळी १८६५ मध्ये. मालेगावात तर रेल्वे आजही नाही. आपले स्टेशन मनमाड, अडतीसेक किलोमीटरवर. मंगळूरला रेल्वे पोचली १९०७ मध्ये, आणि तिथून कोकणातून मुंबईपर्यंत सरळ रूळ पडायला तर १९९८ उजाडले. म्हणजे मंगळुरी कौल समुद्राने गलबतातून मुंबई बंदरात, तिथून रेल्वेने मनमाडला आणि मनमाडहून बैलगाडीने मालेगावात, असाच त्याचा साधा प्रवास. जेप्पूत जेमतेम सुरू झालेल्या कारखान्याची कौले त्याच वर्षी एवढे उतारचढाव करून आमच्या घरावर येऊन बसली, हे व्यवहाराला धरून नाही.

दुसरे टोकही मिळाले. पहिल्या महायुद्धात मिशनची माणसे जर्मन आणि स्विस म्हणून सरकारने त्यांचे कारखाने काढून घेतले, आणि १९१९ च्या सुमारास ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. पुढच्या मालावर मिशनऐवजी नव्या मालकाची नावे येऊ लागली. आमच्या कौलावर नाव मिशनचेच आहे. म्हणजे घराचे छप्पर रेल्वे आल्यानंतरचे आणि महायुद्धाच्या आधीचे असावे. पन्नास वर्षांची खिडक. ती लहान करायला वह्याच लागणार होत्या.

वह्यांकडे जाण्याआधी एक प्रश्न मला छळत होता तो सांगते. मंगळूरला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथे उतरते, पक्के कौल हवेच. मालेगावात पाऊस वीसेक इंचांच्या आसपास, तोही धड पडला तर. आपल्याकडची जुनी घरे धाब्याची. लाकडी तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पांढरी खारी माती थापून सपाट छप्पर. पावसाळ्याआधी वरून मातीचा एक हात दिला की वर्ष निघायचे. कौल हवेच असेल तर गावचा कुंभार चाकावर नळा काढून तो उभा चिरायचा आणि गोल गावठी कौले द्यायचा. ती हलकी, पातळ. मांजर पळाले की सरकत, माकड आले की फुटत. म्हणून दर वर्षी घर शाकारावे लागे. मंगळुरी कौल खाचेत अडकते, हलत नाही, शाकारणीचा खर्च वाचतो, हे खरे. पण जिथे धाब्याने भागत होते तिथे इतक्या लांबून जड कौले का आणायची? (कुंभाराचे काम त्यात गेले, ही दुसरी बाजूही आहे. मिशनने मंगळुरात काहींना रोजगार दिला, पण गावोगावच्या चाकांवरचा एक माल बंद झाला. तो हिशेब कुणी मांडलेला मी वाचला नाही.)

उत्तर मला सापडले ते प्लेगात, म्हणजे माझ्यापुरते तरी.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे पहिले रोगी ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, खाली पोती आणि वर घरे. तिथून रोग पुण्यात आला आणि मग रेल्वेच्या वाटेने गावोगाव. पुढची वीसेक वर्षे महाराष्ट्राने त्याची धास्ती बाळगली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरझडत्या घेतल्या आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या, तेही ठाऊक असते. शाळेत जे शिकवत नाहीत ते हे: त्या काळात सरकारी उपायांपैकी एक होता छपरावरची कौले काढणे.

रोगाचे विष अंधाऱ्या, दमट जमिनीत राहते अशी तेव्हाची समजूत. म्हणून रोगी सापडलेल्या घरावरची कौले उतरवायची किंवा छपराला भोक पाडायचे, ऊन थेट जमिनीवर पडू द्यायचे, भिंतींना चुना आणि फरशीला औषध मारायचे. घरातल्या माणसांना बाहेर काढलेले, सामान अंगणात, आणि डोक्यावर छप्पर नाही. बाईच्या जातीला हे किती लागले असेल. चूल, देवघर, बाळंतिणीची खोली, सगळे वरून उघडे. खरे कारण उंदरांच्या अंगावरची पिसू आहे हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये सांगितले, पण ते सगळ्यांनी मानायला आणखी काही वर्षे गेली. तोवर कौले काढली की छपरातले उंदीर शेजारच्या छपरात जात, आणि त्यांच्याबरोबर पिसवा. सरकारला उजेडाचे महत्त्व कळले होते, एवढे मात्र त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

लोकांनी स्वतः काढलेला उपाय जास्त शहाणा होता. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या बांधून राहायचे. माझ्या सासूबाई त्यांच्या सासूकडून ऐकलेले सांगत. नदीपलीकडे शेतात सगळी बिऱ्हाडे, सूर्य मावळायच्या आत जेवणे उरकायची ती आपल्या नियमानेच, पण त्या दिवसांत दिव्याला तेल जपायचे म्हणूनही.

आता वह्या. माळ्यावर लाल कापडाच्या बांधणीच्या वह्यांची एक पेटी होती. अक्षर मुडी, मात्रा-वेलांट्या नाहीत, आम्हाला कुणाला वाचता येत नाही. घरात ते वाचणारे आता फक्त जेठजी. तेच ते १८६५ वाले. मी पेटी त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली आणि म्हटले, “भाईसा, तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही. कौलांचा खर्च कुठे लागतो का बघता?”

चार दिवस ते भिंगाने वाचत बसले. जेवायलासुद्धा उशिरा येत. आधी सापडले संवत १९६० च्या वहीत, म्हणजे १९०३-०४ साली, बांबू, तट्टे, गवत आणि झोपडी बांधायची मजुरी. प्लेग तेव्हा जोरात होता, त्यामुळे काय ते कळले. त्याच पानावर खाली एका मुलाच्या नावे धर्मादाय लिहिले होते. तो मुलगा घरातल्या कुणाच्याच तोंडी कधी आला नव्हता.

मग आले संवत १९६८, वैशाख. आमच्या वहीत संवत दिवाळीला बदलतो, म्हणून हा १९१२ चा उन्हाळा. मंगळुरी कौले, मनमाड ते मालेगाव गाडीभाडे, गाड्या सात. मी ताळा केला. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण १४० कौले लागतात. आमचे छप्पर आठ ब्रासचे. म्हणजे अकराशे वीस. एक कौल अडीच किलोच्या आसपास, एका बैलगाडीत दीडशे-पावणेदोनशे कौले म्हटली तर सात गाड्या बरोबर बसतात. बी.कॉम. वाया गेले नाही.

छप्पर १९१२ चे. म्हणजे पणजोबांनी नव्हे, आजोबांनी घातलेले.

हे वाचायला सोपे आहे, आमच्या घरात नव्हते. पणजोबा म्हणजे मारवाडातून आलेले, घर बांधणारे, मोठे नाव. आजोबा म्हणजे पुढे सट्ट्यात दुकान घालवलेले, ज्यांचा विषय निघाला की मोठी माणसे बोलणे बदलत. त्यांचा फोटोही दिवाणखान्यात नाही. आणि प्लेगात मूल गेल्यावर आठ वर्षांनी, त्याच आजोबांनी अंधारे धाबे उतरवून उंच, हवा खेळणारे कौलारू छप्पर घातले होते. मुलाच्या जाण्याशी त्याचा संबंध होता असे वहीत लिहिलेले नाही. वहीत फक्त रकमा असतात. पण ऊन-वारा आत यावा म्हणून छप्पर बदलले, असा माझा अंदाज आहे आणि तो मी सोडणार नाही.

जेठजींनी वही मिटली. “म्हणजे आजोबांनी केले,” एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला बोलावून पाटीवरचे साल काढून टाक म्हणाले. नवे कुठले घालायचे ते अजून ठरलेले नाही.

आता कौले उतरवण्याबद्दल, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी काम निघणार असेल तर उपयोग होईल. ठेकेदाराला घाई होती. वरून खाली फेकायची, फुटलेल्यांचा भराव करायचा, दोन दिवसांत छप्पर साफ, असा त्याचा बेत. मी नाही म्हटले. एक तर कौले चांगली होती. दुसरे म्हणजे जुन्या कौलारू छपरात किती जीव राहतात ते आपल्या घरात सांगायला नको. पाली, गोमी, मुंग्या, कोळी, आणि आमच्याकडे वळचणीला चिमण्यांची तीन घरटी, त्यातल्या एकात पिल्ले. अंड्यातून बाहेर आल्यावर चिमणीचे पिल्लू उडायला पंधरा-सोळा दिवस लागतात. ठेकेदार म्हणाला, पाऊस आला तर मी जबाबदार नाही. चातुर्मासाआधी छप्पर बंद व्हायलाच हवे होते, तेही खरे. घरात दोन्ही बाजूंनी बोलणी झाली. शेवटी मिस्त्रीचाचांनीच तोड काढली. ते याच गावचे, त्यांचे वडीलही छपराचेच काम करत. म्हणाले, “भाभीजी, पूर्वेचे पाखे आधी घेतो. पश्चिमेला हात लावायला मला बारा दिवस लागतीलच.” लागले चौदा. पिल्ले उडाली.

पद्धत अशी. आदल्या संध्याकाळी आतून काठीने रिपांवर हलके ठोकायचे, म्हणजे सरपटणारे जीव सरकतात. काम उजेडातच, दिवे लागणीनंतर नाही. आधी आढ्यावरचे कोने, ते चुन्यात बसवलेले असतात, छिन्नीने सैल करायचे. मग वरच्या ओळीपासून खाली, कारण वरचे कौल खालच्यावर चढलेले असते. रिपांवर थेट पाय नको, फळी टाकायची. हातोहात खाली द्यायची आणि उभी रचायची. आडवी थप्पी घातली की खालची तडकतात. प्रत्येक कौल पूंजणीने झाडून मगच ठेवायचे. बोटाच्या पेराने टकटक केले की चांगले कौल खणकन वाजते, तडा गेलेले बद्द बोलते. बायकांना हे शिकवावे लागत नाही, माठ घेताना आपण हेच करतो.

अकराशे वीस पैकी नऊशेच्या वर धड निघाली. एकशे दहा वर्षांहून जास्त काळ मालेगावचे ऊन खाऊन.

उन्हावरून एक सांगते. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो. कौलांच्या फटींतून आतली तापलेली हवा वर निघून जाते आणि दिवस मावळला की कौल लवकर निवते. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि मध्यरात्रीपर्यंत परत देत राहते. मुलाच्या खोल्यांना एसी लागणार हे आराखड्यात आधीच धरलेले होते. यंत्रमागांच्या जुन्या शेडवरची कौले जाऊन पत्रे आले तिथे दुपारच्या पाळीत काम करणाऱ्यांचे काय होत असेल. स्लॅबला माझा विरोध नव्हता. मुलांना जागा हवी, आणि नऊशे कौलांखाली तीन पिढ्या कोंबून राहता येत नाही. पण विजेचे बिल आल्यावर हिशेब मी मांडणार आहे, हे सांगून ठेवले आहे.

नाशिककडच्या एका फार्महाऊसवाल्यांनी सगळी कौले मागितली होती, भावही बरा देत होते. तीनशे आम्ही पश्चिमेच्या ओट्यावर परत घातली, तिथे वळचण ठेवली आहे. उरलेली गोशाळेच्या नव्या गोठ्यावर गेली. न्यायला ट्रॅक्टर आला, तीन खेपांत काम झाले. वहीत नोंद जेठजींनी स्वतः केली, मुडी अक्षरात, आणि रक्कम लिहिली ती आजोबांच्या नावे धर्मादाय खात्याला.